डोकेदुखीची माझी गोळी

माझ्या उशाशी डोकेदुखीच्या दोन पट्ट्या असत. दोन्हींतल्या गोळ्या पांढऱ्या. एक मेडिकलमधून कुणीही आणावी अशी साधी. माझ्या अर्धशिशीपुढे तिनं कधीच हात टेकले होते. दुसरी डॉक्टरांनी लिहून दिलेली. ती घेतली की दुखणं लांब लांब जायचं, आणि त्याच्या मागोमाग मीही. "घेतल्यावर गाडी चालवायची नाही, आणि ही कुणाला द्यायची नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्याकडे गोळी म्हणजे विरजण. कुणी मागितली की द्यायची.

त्या दुपारी इंदिरानगरच्या घरात पडदे ओढून मी माझी गोळी घेतली. पंखा फिरतोय की मी, ते कळेनासं झालं. सेकंड शिफ्टला निघालेला नवरा पलंगाजवळ येऊन म्हणाला, "डोकं ठणकतंय गं. एखादी गोळी दे ना." मी डोळे न उघडता उशाशी हात घातला, एक गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. तळहात गार होता. काहीतरी पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

चारला जाग आली तेव्हा हे सगळं स्वप्नातलंच वाटत होतं. मग उशाशी नजर गेली. साध्या गोळ्यांची पट्टी अख्खी होती. माझी पट्टी मी दुपारीच उघडली होती, आणि तिच्यातल्या दोन गोळ्या गेल्या होत्या.

नवरा सातपूरला पत्रा कापायच्या प्रेसवर काम करतो. तिथं डुलकी म्हणजे बोटं जाणार. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला आठच आहेत. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मशीनपाशी फोन नेऊ देत नाहीत.

रिक्षा केली. स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण त्यासुद्धा दुलईतून घातल्यासारख्या मऊ निघत होत्या. कडेची झाडं सावकाश मागे चालत होती. सांगायला लाज वाटते, पण वाटेत माझा डोळा लागला. माहेरच्या मळ्यात मी झेंडू तोडत होते आणि प्रत्येक फुलाला कुणीतरी मागून "अगं, हळू" म्हणत होतं.

कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "दादा ना? हायेत की. पण आज लय पेंगत व्हते, सायबांनी मशीनवरून उठवलं त्यांना."

त्यानं आत निरोप पाठवला. नवरा बाहेर आला. मी आधी त्याचे हात धरले आणि बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली.

"अहो, चुकून माझी गोळी दिली मी तुम्हाला."

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो गेटशेजारच्या कट्ट्यावर बसला. डोळे अर्धे मिटलेले.

"डोकं दुखायचं थांबलंय," तो म्हणाला. "पण हातपाय माझे नाहीतच. तुला दर वेळी असंच होतं?"

"हो."

त्यानं जड झालेली मान माझ्याकडे वळवली.

"मग तू कुकर कसा लावतेस?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी तिथंच त्याच्या शेजारी बसून हमसून हमसून रडले, आणि तो पेंगत पेंगत माझी पाठ थोपटत राहिला.