कमळनं बेल वाजवली

मी पंचावन्नची होते, म्हणजे अक्कल यायचं वय नुकतंच टळलं होतं. मुलानं नवा फोन दिला आणि स्टेटस टाकायला शिकवलं. मग काय, गुडघा दुखला की स्टेटस, नळाला पाणी नाही की स्टेटस. त्याच भरात शेजारच्या कमळबद्दल एक टाकलं.

कमळ मूळची धावड्याची. नवरा एमआयडीसीत, लोखंडाच्या कारखान्यात. पंचवीस वर्षांत तिनं माझं दार कधी वाजवलं नाही. सरळ स्वयंपाकघरात यायची, पातेल्यावरचं झाकण उचलायची, बोटानं चाखायची. "ताई, मीठ कमी हाय. कुणावर रुसून राह्यल्या का?" माझा हात मोडला तेव्हा याच बाईनं दोन महिने माझी वेणी घातली. वर बजावायची, "डोकं बिलकुल हलवू नका. आतमधी थोडंफार हाय, ते सांडंल."

लेकीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशीही ती तशीच आली. भाजी चाखली आणि बैठकीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीठ लई पडलं, ताई." पडलंच होतं. पाहुणे हसले. मला मात्र झोंबलं. ते जाताच मी लिहिलं, 'काही लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही. देव त्यांना सुबुद्धी देवो.' पुढे तीन लालबुंद तोंडं. नणंदेनं टाळ्या पाठवल्या. कोणी कोणी पाहिलं, ते मी फुगून बघत बसले. यादीत तिसरं नाव कमळचं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात कमळ. "गॅसवाला येऊन गेला का, ते विचारायला आल्ते." उत्तर घेतलं आणि चप्पल न काढताच गेली. त्यानंतर ती तशीच येत राहिली, बेल वाजवून, काम सांगून. समोर उभी असली की माझं तोंड उघडेना. शेवटी या शहाणीनं पुन्हा स्टेटसच टाकलं, 'माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व.' खाली गुलाबाचं फूल.

वर्षाच्या आत तिचा नवरा रिटायर झाला आणि ते मुलाकडे अंकुशनगरला गेले. त्या घरी मी एकदाही गेले नाही. जाऊ जाऊ म्हणता तिच्या मुलाच्या स्टेटसवर कमळचा हार घातलेला फोटो दिसला.

आमचं शेवटचं बोलणं झालं ते ती निघाली त्या दिवशी. टेम्पोत सामान चढत होतं. मी तिचा हात धरून विचारलं, "कमळ, माझं ते दुसरं स्टेटस तरी पाहिलंस का गं?"

"पाहिलं ना, ताई. वाईट बी तिथंच लिहिलं, माफी बी तिथंच मागितली. मी तर भिंतीपल्याडच व्हते."