सूर्यराजाच्या महालात बसायला जागा नाही

फ्रान्सच्या सूर्यराजाविरुद्ध मी जाहीर तक्रार नोंदवत आहे. महाशयांनी व्हर्सायला एवढा थोरला महाल बांधला, सोनं ओतलं, आरसे लावले, कारंजी उडवली. पण पन्नाशीतल्या गुडघ्यांची काडीची सोय पाहिली नाही.

निघालो रियाधहून. नवख्यांसाठी सांगतो: इथे बहुतेकांचा पासपोर्ट कफिलाच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाच्या, कपाटात असतो. जाऊन परत यायचा व्हिसा त्याच्या सहीने आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तोही त्याच्याच मर्जीने. मी इथल्या ओलाया भागातल्या एका व्यापारी साप्ताहिकाचा बातमीदार, माझे कफील अबू फहद. सुट्टी त्यांनी हसत दिली. इकामा पुढे वाढवण्याचं काढलं तर म्हणाले, "आधी फिरून या. मग पाहू, इन्शाल्ला." इकामा ऐन थंडीत संपतो आणि माझ्या मुलीची, मीराची, दहावीची परीक्षा मार्चमध्ये.

पॅरिसहून व्हर्सायला गाडीने पाऊण तास, पुढे थोडं चालणं. सोमवारी महाल बंद असतो. मेथीचे पराठे सोबत न्या. बागेत बसून खाताना राजयोग अनुभवाल.

तीन रुंद रस्ते तीन दिशांनी येऊन महालापाशी मिळतात आणि महालाच्या बरोबर मधोमध, पूर्वेला तोंड करून, राजाचं शयनगृह. सूर्य उगवला की पहिली हजेरी त्याच्या दारी! पुढे आरसेमहाल. एकीकडे बागेच्या खिडक्या, समोर तितकेच आरसे. अख्खं आकाश राजाच्या घरात कामाला ठेवल्यासारखं. संस्कृत पाठशाळेत शिकल्यामुळे विशेषणांचा मला तुटवडा नसतो. तिथे एकही आठवलं नाही.

"अहो, बरं वाटतंय ना?" बायकोने, सुनंदाने, काळजीने विचारलं.

शयनगृहात पलंगापुढे सोनेरी कठडा आहे. कानाला लावायच्या यंत्राने सांगितलं, राजा उठायचा तेव्हा सरदार इथे ताटकळत. सदरा कोणी द्यायचा, मेणबत्ती कोणी धरायची, यावर चुरस. स्वतःचे गढी-वाडे सोडून ही मंडळी इथल्या कोंदट खोल्यांत राहायची, केवळ राजाच्या नजरेस पडावं म्हणून. त्याच्यासमोर स्टुलावर बसायचा मान मोजक्या सरदारणींना. बाकी सगळे उभे. माझी तक्रार तिथेच निकालात निघाली.

"तलवार न उपसता धाकात ठेवलं हो सगळ्यांना," सुनंदा म्हणाली. "नुसत्या स्टुलावर!"

"बाबा, दॅट्स यू!" मीरा खिदळली. "अबू फहद अंकलचा चष्मा कौन उठाके देता है?"

"तो शिष्टाचार."

"मग इथे दुसरं काय चाललं होतं?" सुनंदा.

दुकानात मी पहिली वस्तू घेतली ती अबू फहदांसाठी: सूर्याचा कागददाब. चेहरा असलेला त्यांना धर्मामुळे रुचणार नाही म्हणून नुसत्या किरणांचा, शोधून. सुनंदाने तो उचलला आणि चष्मा द्यावा तसा अदबीने माझ्या हातात दिला. तिचा हा सर्वांत मोठा टोमणा.

परतल्यावर त्यांच्या मजलिशीत, म्हणजे संध्याकाळच्या बैठकीत, गेलो. माझी जागा ठरलेली: दाराजवळ, चपलांच्या शेजारी. आज इकाम्याचं स्पष्ट विचारायचं, असं ठरवूनच गेलो होतो. कागददाब दिला. अबू फहदांनी तो दिव्याखाली फिरवून पाहिला आणि आपल्या शेजारच्या गादीवर थाप मारली. "तआल, तआल! इथे बसा." माणसं सरकली. कहवा आधी मला आला, खजूर त्यांनी स्वतःच्या हाताने दिला. गुडघे अजिबात दुखले नाहीत.

घरी सुनंदा दारातच उभी. "विचारलंत?"

"अगं, त्यांनी मला शेजारी बसवलं."

"ते नाही विचारलं मी."

व्हर्सायला जरूर जा. इतकं वैभव एका माणसाभोवती फिरताना पाहणं, हा अनुभव घेण्यासारखाच आहे. पण इथे रियाधला मला खरी काळजी आहे ती मीराच्या दहावीची. इकामा वाढला नाही तर परीक्षेआधीच आम्हाला जावं लागेल. त्या गादीवर बसून मी एवढी एक गोष्ट विचारू शकलो नाही, आणि पुढच्या वेळी तरी विचारेन याची मला खात्री नाही.