राहीबाईंच्या नावाचं झाड

आमचे हे लॅटिन शिकले ते आईपायी. सांगलीच्या कॉलेजात झाडाझुडपांचं शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पाद्र्यांच्या भाषेचं खूळ लागावंच कशाला, असं माझं माहेर अजून विचारतं. मी काय सांगू, कप्पाळ!

बाहत्तरच्या दुष्काळात हे म्हसवडला गेले होते. गाव यांचं. आई राहीबाई तिथंच शेती बघायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या वर्षी शेतात काही नव्हतंच. बांधाला तेवढं एक वीतभर झाड, भुईला चिकटलेलं, अंगावर पांढरी लव, पिवळी फुलं. यांच्या कुठल्याच पुस्तकाशी ते जुळेना. म्हणजे नवीनच! जगाला ठाऊक नसलेलं झाड, आणि नाव द्यायचा मान यांचा. यांनी लगेच आईला सांगून टाकलं, "आई, ह्येला तुजं नाव देणार."

"बरं बाबा," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच.

पण नव्या झाडाचं वर्णन लॅटिनमध्येच छापायचं, असा या लोकांचा नियम. मी म्हटलं, "कुणाकडनं तरी लिहून घ्या आणि मोकळे व्हा." तर म्हणाले, "आईचं नाव लावायचं आणि लिहिणार दुसरा? जमायचं नाही." झालं! दर रविवारी मिरजेला, फादर मेनेझिस म्हणून एक म्हातारे पाद्री होते त्यांच्याकडं शिकवणी. घरी बादली भरेपर्यंत नळापाशी गुलाबाची लॅटिन रूपं, "रोझा, रोझाए, रोझाम" चालायचं. शेजारच्या चंदनबालाकाकूंनी मला हळूच विचारलं, "सरांनी कसला जप घेतलाय गं?"

दोन वर्षं हा माणूस शेताकडं फिरकला नाही. शेवटी वर्णन लिहून झालं, टाईप झालं, पाकीट तेवढं चिकटवायचं राहिलं. तिकडं यांचे चुलतभाऊ बाळासो यांनी सिद्धनाथाच्या यात्रेत यांचा सत्कार ठरवून फेटासुद्धा आणून ठेवला.

त्या रविवारी फादर म्हणाले, "लिहायला आलं. आता वाचायला येतं का बघू. एखादं जुनं वर्णन शेवटपर्यंत वाचून दाखवा." पुण्याहून हातानं उतरवून आणलेली जुनी वर्णनं यांच्याजवळ होती. आजवर हे त्यातली मापं आणि फुलांचे रंग तेवढे बघायचे. बाकीचं कळायचंच नाही, म्हणून सोडून द्यायचे. शंभर वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं लिहिलेलं एक झाड गुडघाभर उंच आणि हिरवंगार, म्हणून यांनी ते असंच बाजूला टाकलेलं. नेमकं तेच हाताला लागलं. आणि शेवटी काय लिहिलेलं? पाऊस नसला की हेच झाड वीतभर राहतं, भुईला चिकटतं आणि अंगावर पांढरी लव धरतं.

घरी आले ते चेहरा उतरलेला. ताट तसंच सरकवलं. "विजयमाला, थोडक्यात बचावलो," म्हणाले. "पाकीट गेलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती." मग म्हणाले, "पण आईला काय सांगू?" आईचं नाव झाडाला लागणार म्हणून हा माणूस दोन वर्षं राबला होता.

सकाळी दोघंही म्हसवडला गेलो. भाद्रपद होता आणि त्या साली पाऊस बरा झाला होता. आत्याबाई बाजरीत खुरपत होत्या. बघते तर काय, बाजरीत सगळीकडं तेच झाड! गुडघाभर, हिरवंगार, लवेचा पत्ता नाही. बाकी रान खुरपून लख्ख, हे तेवढं जपून ठेवलेलं.

यांनी कागद काढला. आधी लॅटिनमध्ये वाचलं, मग मराठीत सांगितलं.

"खरं लिवलंय त्यानं," आत्याबाई म्हणाल्या. "दुष्काळात असंच ऱ्हातंय त्ये."

"म्हंजे ह्ये नवीन न्हाई, आई. तुजं नाव देता येत न्हाई."

आत्याबाईंच्या हातातलं खुरपं खाली पडलं. मला वाटलं, आता रडतात.

"नक्की न्हाई?"

"न्हाई."

"सुटले गं बाई!" त्यांनी दोन्ही हात जोडले. "आरं, तण हाय त्ये तण! शेरडंबी तोंड लावत न्हाईत. तुज्या शब्दाखातर दोन वरीस खुरपं लावलं न्हाई, निम्मी बाजरी खाल्ली की ह्येनं. आन उद्या सगळं गाव काय म्हणलं असतं? राहीबाई लय माजलीया, उपटून टाका!"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू येवढा खुशीत हुतास. कसं सांगू?"

हे असे हसायला लागले की बांधावर बसावंच लागलं. इतकं हलकं वाटलं मला, काय सांगू! सत्काराचा विषय मी काढला, तर आत्याबाई म्हणाल्या, "फेटा बाळासो बांधंल की सोताला."

आणि वाकून त्यांनी पायापाशी असलेलं झाड मुळासकट उपटलं.

"बसलास काय रं? लाग हाताला."

दिवस मावळेस्तोवर आम्ही तिघं मिळून राहीबाई उपटत होतो.