कॅसेटवरचं नाव

काल मुलगा गिटार वाजवता वाजवता म्हणाला, "आई, रॉक संगीत मुळात अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलं. नाव मात्र गोऱ्यांचं झालं." त्याला ते नवीन होतं. माझं मात्र डोकं भणाणलं, कारण मला माझे वडील आठवले.

आबा शिरूर कासारचे हलगीवाले. एकदा शहरातून एक संगीतकार आला. आबांनी कडब्याच्या जाळावर हलगी शेकली, तापल्या कातड्याचा वास अंगणभर पसरला, आणि दुपारपर्यंत त्यांनी त्याला एकेक ठेका वाजवून दिला. बोटं सोलली तरी थांबले नाहीत. त्यानं सगळं टेप केलं.

वर्षभरात कॅसेट आली. लग्नाच्या वरातींत लोक तिच्यावर नाचू लागले. मी तेव्हा चौथीत होते. आबांनी ती माझ्यापुढे धरली.

"वाच गं बाय, माजं नाव कुठं हाय?"

मी दोन्ही बाजू वाचल्या. वर त्या माणसाचा फोटो, खाली 'पारंपरिक ठेका'. बस्स. आबांच्या तोंडाकडे बघून मी भलत्याच अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काय, हितं हाय."

परंपरा म्हणे! आमच्याच अंगणात भाकरी खाऊन गेला होता तो. आबांना नाव आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अजूनही त्याचं गाणं कुठं लागलं की माझ्या अंगाची आग होते.

त्या दिवशी आबा कॅसेट घेऊन गावभर हिंडले. भेटेल त्याला सांगत होते, "माजं नाव छापलंय. पोरीनं वाचलं."