निऱ्या मागच्या बाजूला

ओहायोतल्या डब्लिनमध्ये किल्ट शिवणारी एक नागपूरकर बाई आहे, असं सांगितलं की आपली माणसं आधी हसतात. हसू द्या. स्कॉटिश आणि आयरिश पुरुष गुडघ्यापर्यंतचा तो लोकरी घेर नेसतात ना, पुढून सपाट आणि मागे भरगच्च निऱ्यांचा, तोच किल्ट. निम्म्या पुरुषांना तो धड नेसता येत नाही, हे हसणाऱ्यांना ठाऊक नसतं. रेणू पांढरीपांडेला ठाऊक आहे. तिने अशा कितीतरी गोऱ्या आजोबा-नातवांना आरशासमोर उभं करून सरळ केलंय.

रेणू लग्न होऊन आली ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नवऱ्याने ऑफिसला जायचं आणि बायकोने खिडकीतून बर्फ बघायचा. काम करायला कायद्याने बंदी. तरी हात काही गप्प बसेनात. मराठी मंडळातल्या बायकांचे ब्लाउज उसव, फॉल लाव, कुणाच्या पोरीचं परकर-पोलकं शीव, असं सगळं फुकटात चाललेलं. वर ‘रेणू, तुला काय, वेळच वेळ आहे’ हे ऐकायचं. तिला त्याचा राग यायचा. चांगला सणसणीत यायचा, पण ती तो गिळायची आणि टीप मारायची.

पुढे वर्क परमिट मिळालं, त्याच आठवड्यात ती गावातल्या जुन्या भागात भाजी आणायला गेली आणि एका दुकानाच्या काचेवर ‘अल्टरेशनसाठी माणूस हवं’ अशी पाटी दिसली. दुकान किल्टचं. मालकीण आयलीन नावाची, साठीची, बोलायला फटकळ. तिने रेणूसमोर एक उसवलेला किल्ट टाकला आणि म्हणाली, बघ जमतंय का. रेणूने तो उलटा केला, निऱ्या बोटांवर घेतल्या, आणि मनात म्हणाली, अगं बाई, या तर माझ्या ओळखीच्या. नऊवारी नेसणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला कुणी निऱ्या शिकवाव्यात? फक्त इथे त्या कमरेपासून कुल्ल्यांपर्यंत शिवून पक्क्या करतात, एवढाच फरक. आयलीनला तिचं आडनाव आजतागायत उच्चारता आलं नाही, पण त्या दिवसापासून दुकानाची एक किल्ली रेणूकडे असते.

शिवता शिवता ती नेसवायलाही लागली. आयलीन म्हणते, कपडा शिवणारे मिळतात, माणसाला तो शोभवणारे मिळत नाहीत. रेणूची मतं ठाम. किल्ट पँटसारखा कुल्ल्यांवर लोंबवायचा नाही, बेंबीशी बांधायचा. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर, गुडघे टेकून बसलं तर जमिनीला जेमतेम शिवेल इतकी. किल्टवर चौकडा असेल तर वर साधा शर्ट, एका अंगावर दोघांनी भांडायचं नाही. रोजच्या वापराला तिला खिशांचा जाडाभरडा कॅनव्हासचा किल्ट आवडतो. त्यावर एक साधा टी-शर्ट, घोट्याशी गोळा केलेले मोजे आणि बूट, की माणूस ग्रोसरीला जाओ नाहीतर कुत्रा फिरवायला. लग्नाबिग्नाला मात्र लोकरी किल्ट, आखूड कोट, गुडघ्याखाली नीट दुमडलेले मोजे. जॅकीट घातलं तर पट्टा नाही, पट्टा लावला तर जॅकीट नाही. पोरांना हे सांगताना ती कंबरेवर हात ठेवते, आणि सहा फुटी पोरं मुकाट्याने पट्टा काढतात.

आता तिच्या नवऱ्याकडे वळू. मोरेश्वर माणूस वाईट नाही, आधीच सांगते. सरळमार्गी, विम्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, खाकी पँट आणि निळा शर्ट सोडून दुसरं काही अंगाला न लावणारा. रोज तिला दुकानाशी ड्रॉप करायचा, पण गाडीतून कधी उतरला नाही. तिला काय डाचायचं तर त्याचं बोलणं. मंडळाच्या पॉटलक जेवणात कुणी नवीन भेटलं आणि ‘वहिनी काय करतात?’ विचारलं, की हा म्हणणार, “घरीच असते. थोडं अल्टरेशन-बिल्टरेशन करते, टाइमपास.” रेणू शेजारीच उभी. हातात मसालेभाताचं पातेलं. तिने एकदा त्याला घरी आल्यावर विचारलं, “टाइमपास म्हणजे काय हो?”

“अगं, आता लोकांना काय सांगू? बायको पुरुषांचे घागरे शिवते म्हणून?”

 नंतर चार दिवस घरात नुसता वरण-भात होता, तेवढं मोरेश्वरला कळलं.

दर उन्हाळ्यात गावात आयरिश मेळा भरतो. मैदानावर तंबू, ढोल, बॅगपाइप, उडाणटप्पू पोरं आणि सनस्क्रीनचा वास. यंदा आयलीनच्या दुकानाने तिथे किल्टचा एक छोटा शो ठेवला. रोजचे, ठेवणीतले, नव्या धर्तीचे. आयलीन रेणूला म्हणाली, “शेवटचा किल्ट तुझा. तुझ्या डोक्यातला. तो बघून मी ठरवणार, की दुकानाच्या लेबलाखाली तुझं नाव टाकायचं का.”

रेणूने करड्या लोकरीचं कापड घेतलं आणि नागपूरहून आणलेल्या करवतकाठी साडीचा लाल काठ काढून त्याच्या खालच्या कडेला लावला. करवतीच्या दातांसारखी त्याची नक्षी. निऱ्या घालताना तिने दाताला दात असा जुळवला, की माणूस उभा असताना मागून काठ अखंड दिसावा आणि चालला की प्रत्येक निरीतून आतलं लाल उघडावं. हे ती कुणाकडून शिकली नव्हती. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. आयलीनने बघितलं, बराच वेळ काठावरून बोट फिरवलं, आणि फक्त विचारलं, “घालणार कोण?”

घालणार कोण हे रेणूने कात्री लावायच्या आधीच ठरवलं होतं. माप मोरेश्वरचं होतं. झोपेत थोडंच घेतलं, इतक्या वर्षांत ते तिला पाठच झालं होतं. तिने त्याला विचारलं. तो ‘नाही’ म्हणाला. तिने पुन्हा विचारलं, तर हसला, आणि ते हसणं तिला जास्त लागलं. “मंडळाची अर्धी माणसं येतात तिथे, रेणू. मला सोमवारी ऑफिसात त्यांना तोंड दाखवायचंय.”

“बरं,” ती म्हणाली. “दुकानातल्या पुतळ्याला घालीन.”

शोच्या दिवशी मोरेश्वर तिला सोडायला आला. पार्किंग लांब होतं आणि पुतळा जड, म्हणून नाइलाजाने तंबूपर्यंत आला आणि एका घडीच्या खुर्चीवर बसला. थोडं थांबून निघणार होता. पण तिथून जे दिसलं ते त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. एक दाढीवाला धिप्पाड गृहस्थ आला, म्हणाला, रेणू कुठेय, मला दुसरं कुणी नको, आज माझ्या मुलीचं लग्न ठरल्याची पार्टी आहे. रेणूने त्याला पट्टा काढायला लावला, किल्ट वर ओढला, मोजे दुमडले, पुढे एकावर एक येणाऱ्या दोन्ही पदरांतून पिन टोचली होती ती काढून नुसत्या वरच्या पदराला लावली. माणूस आरशात बघून एकदम ताठ झाला. मग एक म्हातारा आला. मग दोन भाऊ. सगळे तिच्यासमोर रांगेत, आणि ती गुडघ्यांवर बसून तोंडात टाचण्या धरून एकेकाला ‘हलू नका’ म्हणतेय. माणसं हलत नव्हती. मोरेश्वरच्या हाताखाली ऑफिसात सात-आठ माणसं होती, आणि त्यातलं एकही त्याचं इतकं ऐकत नव्हतं.

शो सुरू झाला. रोजचे किल्ट झाले, ठेवणीतले झाले. रेणू पुतळ्याच्या कमरेला हात घालून तो उचलायला वाकली, तेवढ्यात मागून आवाज आला.

“दे इकडे.”

“काय?”

“किल्ट. कुठे बदलायचं?”

तिने त्याच्याकडे बघितलं. विचारायला वेळ नव्हता. किल्ट, पांढरा शर्ट, काळी बंडी, मोजे, सगळं पुतळ्यावरून उतरवून त्याच्या हातात कोंबलं आणि पुरुषांच्या तंबूकडे बोट दाखवलं. आत तिला जाता येत नव्हतं. “बेंबीशी बांधा,” एवढंच ती ओरडू शकली.

आणि मोरेश्वरने बेंबीशीच बांधला. पण हा माणूस दरवर्षी गणपतीला सोवळं नेसणारा. निऱ्या कुठे असतात? पुढे असतात. बापाच्या पुढे होत्या, आजाच्या पुढे होत्या. त्याने व्यवस्थित, विचारपूर्वक, सगळ्या निऱ्या पुढे घेतल्या, मागे सपाट भाग नीट ओढून घेतला, बक्कल लावलं आणि मान वर करून मंचावर गेला.

दोन पावलांतच निऱ्या गुडघ्यांवर आपटायला लागल्या. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकलं. मग दुसरं. मंडळाची मंडळी डावीकडे बसली होती, त्यांना काय चुकलंय ते कळेना, पण लोक हसतायत म्हटल्यावर तीही हसू लागली. मोरेश्वर मधोमध थांबला. कान लाल झाले होते, पण तो मागे फिरला नाही.

रेणू पडद्याआड उभी होती. जुळवलेला दात न् दात पुढे चुरगळलेला, आणि आयलीन माइक घेऊन खाली तिचाच निवाडा करायला बसलेली. क्षणभर तिला वाटलं, गेलं. सगळं गेलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही, रागही आला नाही.  ती टाचण्यांची गादी मनगटावर तशीच घेऊन सरळ मंचावर गेली.

“हलू नका,” ती म्हणाली.

तिने दोन्ही बाजूंची बक्कलं सैल केली. आत हाफ पँट आहे की नाही हे हळूच विचारून घेतलं. होती. मग कमरेभोवती किल्ट अर्धा गोल फिरवला, निऱ्या मागे नेल्या, बक्कलं आवळली, पुढचा पदर तळहाताने सपाट केला, गुडघ्यांवर बसून काठ बघितला. हसणं केव्हाच थांबलं होतं. लोक माना उंचावून बघत होते, काय चुकलं होतं आणि काय बरोबर झालं. आयलीनने मंचावर येऊन माइक मोरेश्वरपुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, या बाई कोण?

मोरेश्वरने माइक घेतला. त्याचं इंग्रजी मीटिंगमधलं, सपाट. 

“ही रेणू पांढरीपांडे. माझी बायको. किल्टमेकर. हा तिने बनवलाय. मला साधा घालताही आला नाही, ते तुम्ही पाहिलंच.” मग तो डावीकडे, मंडळाकडे वळला आणि मराठीत म्हणाला, “मी आजवर तुम्हाला चुकीचं सांगत आलो.”

 मग टाळ्या आल्या. आधी त्या दाढीवाल्याच्या, मग सगळीकडून. आयलीन टाळ्या वाजवत नव्हती. तिने रेणूकडे बघून कमरेपाशी, किल्टचं लेबल जिथे शिवतात तिथे, बोटाने एक ओळ ओढून दाखवली.

“आता नीट आहे?” मोरेश्वरने हळूच विचारलं.

“चालून दाखवा.”

तो चालला. पाठमोरा, ताठ, ऑगस्टच्या उन्हात. प्रत्येक पावलाला निऱ्या उघडत होत्या आणि आतून लाल करवत दिसत होती. थांबला की काठ पुन्हा अखंड. रेणूला कुणीतरी खूण केली, मंचावरून उतरा म्हणून. ती उतरली नाही. हे मी केलंय, आणि ते सगळ्यांना दिसतंय, असं म्हणत ती कंबरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली.