टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

इरप्पाने रॉकेलमध्ये पाणी घातलं नव्हतं, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. आजवर मी हे कुणापाशीच बोललो नाही, घरातल्या माणसापाशीही नाही.

लढाईमुळे तेव्हा रॉकेल मोजूनमापून मिळायचं. निपाणीजवळच्या आमच्या मालकांकडे एक छोटा ट्रॅक्टर होता. पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर न्यायचा. चालवायचा मी, तेलाचे डबे आणून टाकीत ओतायचं काम इरप्पाचं. त्या माघात नांगरणीला लागलो आणि यंत्र रुसलं. नांगराची चार-दोन तासं मारली की धापा टाकून बंद पडायचं. झाकण काढून तेल बघितलं की पुन्हा सुरू व्हायचं, जरा चालायचं आणि पुन्हा गप्प. बांधावर बसलेले हसायचे, "लोखंडी बैल पेंड मागतोय रं."

मी नळी फुंकली, प्लग पुसले, गाळणीखालची काचेची वाटी काढून उन्हात धरली. तेलात पाणी असतं तर वाटीच्या तळाशी दिसलं असतं. थेंबही नव्हता. पण यंत्र कळणारा माणूस एवढीच माझी गावात ओळख होती. मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तेलात पाणी असंल," आणि इरप्पाकडे बघितलं.

"तेल विकून पाणी भरतोस व्हय रं?" मालक कडाडले.

"आईची आण, मालक, न्हाय," इरप्पा म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "अण्णा, तुम्ही तरी सांगा की." मी हातातला पाना पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यंत्र चाललं नाही तर याला फौजदाराच्या ताब्यात देतो, असं मालकांनी बजावलं.

सकाळी शेतावर आलो ते चिंचलीच्या मायक्कादेवीचं नाव घेतच. पण मी काय मागितलं? इरप्पाला सोडव असं नव्हे. माझ्या अंगावर न येता हे मिटव, एवढंच. थोड्याच वेळात यंत्र पुन्हा बंद पडलं. इरप्पा बांधावर गुडघ्यांत डोकं घालून बसला. तेवढ्यात चिंचलीची जत्रा करून परतणारी एक गाडी रस्त्याला थांबली. भंडाऱ्याने पिवळी झालेली एक म्हातारी खाली उतरली. यंत्राला भंडारा लावते म्हणाली. टाकीचं झाकण बघून मात्र थबकली.

"लई थापलंयस रं लेकरा. देवाला श्वास तरी घेऊ दे."

जुना थर खरवडल्याबिगर नवं लागत न्हाय, असं पुटपुटत तिने केसांतला आकडा काढला, शेंदूर खरवडला, फुंकर मारली, वर भंडाऱ्याचं बोट टेकवलं आणि गाडीत जाऊन बसली. तिचं गावही मी विचारलं नाही.

त्यानंतर यंत्र थांबलंच नाही. अख्खं शेत झालं. झाकण हातात घेतलं तेव्हा मला कळलं. त्यात एक बारीक भोक असतं. तेल खाली उतरतं तशी तिथून हवा आत जावी लागते; ते बुजलं की तेल अडतं. नांगरणीच्या पहिल्या दिवशी यंत्राचं कपाळ समजून तेलात कालवलेला शेंदूर त्या भोकावर मीच थापला होता, भक्तीने.

"तेल चांगलं हाय, मालक," एवढं मी सांगितलं. मालकांनी फौजदाराचं नाव सोडलं आणि इरप्पाला कामावर ठेवलं. छातीवरचा दगड उतरला तसा मी नांगराआड जाऊन रडलो. गाव म्हणालं, मायक्काची कृपा. मीही तेच म्हणतो. मी माझं खोटं झाकून ठेव म्हणालो होतो. आईने न विचारता भोकच उघडून दिलं. तेव्हापासून देवापुढे काय मागावं हे मी ठरवत नाही.

इरप्पा आता म्हाताऱ्या बैलासारखा हळू चालतो. भेटला की म्हणतो, "अण्णा, आईनं वाचवलं बघा." मी मान हलवतो. वाटीत पाणी नव्हतं आणि ते मी बघितलं होतं, एवढं त्याला माझ्या तोंडाने सांगणं अजून बाकी आहे.