तपासणीपुरतं संगीत

रामप्रसाद ठार बहिरे झाले आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षी त्यांना संगीत सापडलं. आधी सापडलं असतं तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं, वेळच नव्हता. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये त्यांनी सव्वीस हंगाम काढले. कानात घालायला बोळे मिळत, पण बोळे घातले की सुपरवायझरची शिवी ऐकू येत नसे, आणि पहिली ऐकली नाही की दुसरी जास्त कडक येई. म्हणून बोळे खिशात राहत. उजवा कान आधी गेला. डाव्याला शेवटी शेवटी फक्त पाळी सुटल्याचा भोंगा कळायचा. एक दिवस त्यांनी शेजारच्याला विचारलं, "भोंगा बंद केला का बे?" शेजारचा पाळी संपवून डबा उचलत होता.

भोंगा गेला आणि त्याच्या जागी शीळ आली. कुकरची शिटी अडकून बसावी तशी, कानात, दिवसरात्र. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. झाली नाही.

कारखाना सोडून ते वडवणीहून बसने अर्ध्या तासावरच्या आपल्या गावी परतले. बायको वत्सलाबाई सहा महिने ओरडून बोलल्या, मग दोन खुणांवर आल्या: जेवा आणि उठा. रामप्रसाद दिवसभर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागले. तिथं भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती पाळणारे ते एकटेच. बाकीचे पेपर मांडीवर ठेवून राजकारण बोलत. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत सहा हजार पुस्तकं होती. कपाटांत दोन हजारही नव्हती. उरलेली वाचकांकडे आहेत, असं ग्रंथपाल हरिओम सांगे. वाचक कोण, हे कुणी विचारत नसे.

जानेवारीत एका सकाळी दारात टेम्पो लागला आणि दुपारपर्यंत कपाटं गच्च भरली. सरकारी अनुदानाची तपासणी जवळ आली होती. अध्यक्ष सुंदररावांच्या मेव्हण्याचंही एक वाचनालय होतं, डोंगरापलीकडे. तिथली पुस्तकं इथल्या तपासणीला येत, इथली तिथल्या तपासणीला जात. तपासणीच्या साहेबांची तारीख पुढं ढकलली गेली, आणि रामप्रसाद मधल्या काळात कपाटं वाचत सुटले. त्यात हिरव्या कापडी बांधणीचे तीन भाग निघाले, गाणं शिकवणारे. आत पलीकडच्या वाचनालयाच्या शिक्क्यावर कोरी चिठ्ठी चिकटवलेली, डिंक अजून ओला.

"घरी नेता?" हरिओमने हाताने विचारलं. पुस्तक घरी नेणारा माणूस त्याला नवीन होता. नाही म्हणायची रीत त्याला माहीत नव्हती.

आधी रामप्रसादांनी ते पाढे वाचावेत तसं वाचलं. सा, रे, ग, प. शनिवारच्या भजनात मागं बसून चाळीस वर्षं पेटी कानावर पडली होती, तेवढंच भांडवल. सा कुठला धरायचा, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी भोंग्याचा धरला. शेवटचा पक्का आठवणारा आवाज तोच होता. मग एका दुपारी ओट्यावर बसून, अक्षरांखाली बोट फिरवत, मांडीवर सोळा मात्रा मोजत असताना 'ग'वरून 'प'वर गेले आणि 'प' वाजला. पेटीचा, जरा बसका, पण वाजला. पुढची ओळही वाजली. शीळ थांबली होती.

त्यांनी दचकून मागं पाहिलं. मागं वत्सलाबाई तूर पाखडत होत्या. तू गायलीस का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. हा आळ पहिल्यांदाच आला.

बोट उचललं की आवाज थांबे आणि शीळ परत येई. डोळे मिटून पाहिलं, काही नाही. पुस्तक उघडं हवं आणि बोट अक्षरावर हवं. वहीत उतरवून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं नाही. वाचनालयाचं पुस्तक कुठं पळतंय?

नियम सात दिवसांचा होता. दर सातव्या दिवशी ते तिन्ही भाग परत करत आणि पुन्हा घेऊन येत. इथली तपासणी उरकल्यावर एकदा हरिओमने ती ठेवून घेतली आणि परवा या म्हणून बोटांनी दाखवलं. परवा गेले तर कपाटं पुन्हा विरळ. हरिओमने पेपरच्या कडेला लिहून दिलं: 'तपासणीला गेली.'

महिनाभर वाट पाहून रामप्रसादांनी बीडच्या साहेबांना अर्ज केला. 'आमच्या वाचनालयाची संगीताची तीन पुस्तके आपल्याकडे तपासणीस आली आहेत. तपासून झाली असल्यास परत करावीत. मी पूर्ण बहिरा असून मला त्यांतून ऐकू येते.'

आठ दिवसांत सुंदरराव हरिओमला घेऊन ओट्यावर हजर.

"लई शाणा झाला का हा?"

"दादा, त्यांना ऐकू येत न्हाई."

"म्हणून तर बोलतोय."

"मला येतंय," वत्सलाबाई म्हणाल्या.

सुंदररावांनी घसा साफ केला, वही मागितली आणि लिहिलं: 'साहेब येतील. ही पुस्तकं कधी पाहिलीच नाहीत म्हणा. पुढच्या तपासणीला पुस्तकं आली की तुमच्या घरी. कायमची.'

रामप्रसादांनी दोनदा वाचलं. "तिन्ही?" ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, गल्लीभर गेला.

'तिन्ही.'

साहेब आले, त्यांनी प्रश्न कागदावर लिहून दिला. रामप्रसाद म्हणाले, "न्हाई बा. बहिऱ्या माणसाला गाण्यातलं काय कळतंय?" साहेबांना बरं वाटलं. अर्जदार वयोमानाने गोंधळलेला आहे, असा शेरा मारून कागद बंद झाला. साहेब गेल्यावर वत्सलाबाई नवऱ्याच्या तोंडासमोर येऊन उभ्या राहिल्या. "खोटं कावून बोललात?" ओठांवरून कळलं असावं, रामप्रसादांनी मान फिरवली.

मग दहा महिने शीळ. डिसेंबरात त्यांनी भिंतीत फळी ठोकली, तीन पुस्तकं मावतील एवढी. जानेवारीत रोज सकाळी वाचनालयाच्या दारात उभे राहू लागले. टेम्पो आला नाही. महिना सरत आला तेव्हा हरिओमने मोबाइल पुढं धरला. यंदा साहेब येणार नव्हते. फोटो पाठवले की भागत होतं. हरिओमने गेल्या जानेवारीतला फोटो पाठवला होता. भरलेली कपाटं आणि टेबलाशी एक वाचक, हिरवं पुस्तक उघडून बसलेला. रामप्रसाद. 'वाचक उपस्थिती समाधानकारक', असा शेराही आला होता. तोच फोटो पुढची काही वर्षं चालेल, असा हरिओमचा अंदाज होता.

रामप्रसाद तडक सुंदररावांकडे गेले. "शब्द दिलता तुमी."

'पुस्तकं आली की, असं लिहिलं होतं,' सुंदररावांनी लिहिलं. 'आली कुठं?'

हरिओमने तो फोटो मोठा छापून आणून दिला, न मागता. रामप्रसाद आता ओट्यावर भिंग घेऊन बसतात. फोटोतल्या पुस्तकाच्या डाव्या पानावरच्या साडेतीन ओळी वाचता येतात. दुसऱ्या ओळीला पेटी सुरू होते. चौथ्या ओळीच्या मध्यावर त्यांचाच अंगठा आहे. तिथं शीळ येते. मग ते बोट उचलून पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवतात.